मोडलं नाही, वाकलं

३० एप्रिल १९६८, मंगळवार
लोर्ना गेली. सरोवराच्या पलीकडे, क्लेटनकडे. सासू-सासरे कधीच वारले, त्यामुळे आता भावाचं घर तेच माहेर.
कारण इतकं क्षुल्लक की लिहायलाही लाज वाटते. मी ट्राउटचा चमचा घासत होतो. मासे ओढायचा, पातळ पितळी पत्र्याचा, चांदीचं पाणी दिलेला. ती म्हणाली, जेवायचं टेबल मोकळं कर. चमचा हातातून सुटला. फेकला नाही, सुटला. सुटून फ्रिजवर आपटला. वाटेत ती उभी होती, त्याला मी काय करू? भुवईला जरासं खरचटलं.
जाताना तिने चमचा उचलून पर्समध्ये टाकला. माझा सगळ्यात चांगला चमचा! याला चोरी म्हणतात.
अट घातली आहे. तीस दिवस घरातली एकही वस्तू मोडायची नाही. जमलं तर परत येईन, नाही तर वकील येईल, म्हणाली.
तीस दिवस! मला! मी मुळात शांत माणूस आहे. रोज लिहून ठेवणार, म्हणजे पुरावा राहील.

१ मे, दिवस पहिला
काही मोडलं नाही.
टोस्टरमध्ये पाव अडकला होता. काढताना टोस्टरने आडमुठेपणा केला. मग हातोडी. पण मोडला नाही, वाकला. लोर्नाचा शब्द 'मोडणं' होता, मला स्वच्छ आठवतंय.

२ मे, दिवस दुसरा
प्लॅन ठरला. बरोब्बर ३० मेला आमच्या क्लबची डर्बी, मासे पकडायची स्पर्धा. ज्याचा ट्राउट सगळ्यात जड तो चॅम्पियन. कप, पेपरात फोटो. मी कप घेऊन उभा, आणि लोर्ना गर्दीत. चॅम्पियनला सोडून कोणती बाई जाते?
सगळे चमचे टेबलावर ओतले. त्रेचाळीस. ढगाळ दिवशी पितळी, उन्हात चांदीचे, पाणी गढूळ असेल तर तांब्याचे. जाड पत्र्याचे बाद, ते तळाशी दगडासारखे जातात. उरले नऊ. त्यातला एकही पर्समधल्या त्या एकासारखा नाही. म्हणजे नवीन बनवायचा.
टेबल आता मोकळं करायला कुणी सांगत नाही. छान वाटतं.

५ मे, दिवस पाचवा
येन्सकाकांकडे गेलो. पंचाऐंशी वर्षांचा डेनिश म्हातारा. अख्ख्या सरोवरावर चमचा ठोकावा तर त्याने. त्याने मला पत्र्याचे कापलेले तुकडे दिले आणि शिसवी ठोकळ्यावर एक करून दाखवला. टिक, टिक, टिक. अर्धा तास! मला तर झोप येत होती.
म्हणाला, थोपट रे ऑरिन, बडवू नकोस. तान्ह्या पोराला झोपवतात तसं.
मी म्हटलं, आम्हाला पोरं नाहीत.
तो म्हणाला, बरंच आहे.
म्हाताऱ्यांच्या बोलण्याला अर्थ नसतो.

६ मे, दिवस सहावा
माझी दीड किलोची हातोडी काढली. येन्सकाकांची हातोडी खेळण्यातली. अर्ध्या तासाचं काम मी चार घावांत केलं. पाचवा अंगठ्यावर. नख निळं. हातोडीला धडा शिकवायला ती गॅरेजच्या दारातून भिरकावली. काच होती. काच फुटते, मोडत नाही. शिवाय गॅरेज म्हणजे घर नव्हे.

९ मे, दिवस नववा
आंघोळीच्या टबात टेस्ट. चमचा पाण्यातून ओढला की त्याने डुलत यायला हवं. डावीकडे, उजवीकडे, जखमी माशासारखं. गिरकी खाल्ली की संपलं, कारण मग तारेला पीळ बसतो आणि ट्राउट लांबूनच रामराम ठोकतो.
सहाच्या सहा चमचे गरागरा फिरले. सहावा तर मुद्दाम. तळपायाची आग मस्तकात गेली. टबाला एक ठोसा दिला. टब ओतीव लोखंडाचा आहे, तो मोडत नाही. माझी दोन बोटं मोडली.
बोटं ही घरातली वस्तू नाही.
डॉक्टर म्हणाला, परत आलास? मी म्हटलं, दारात चेमटली. तो म्हणाला, तुझ्या घरात दारं फार दिसतात. बायकोचे टाके कसे आहेत?
टाके? लोर्नाला प्रत्येक गोष्ट वाढवून सांगायची सवय आहे.

१२ मे, दिवस बारावा
पहिली फेरी. इथे सगळ्यांच्या बोटीत असते तशी माझ्याही बोटीत जुन्या ग्रामोफोनची चावीची मोटर आहे, तार गुंडाळायला. तांब्याची तार हाताने ओढायची, सोडायची, ओढायची, सोडायची. दीडशे फूट खाली चमचा नाचतो. धीर धरायचा. मी पूर्ण अकरा मिनिटं धरला.
मग तारेचा गुंता झाला. सोडवायला बसलो तर आणखी झाला. ग्रामोफोनला लाथ घातली. तो गेला पाण्यात, तारेसकट, आणि तारेत माझा बूट होता.
एका बुटावर परत आलो. धक्क्यावर लोक हसले. एकाला कॉलर धरून विचारलं, काय हसतोस? हसायचा थांबला. बोट घराबाहेर आहे, सबब दिवस बारावा चांगला गेला.

१९ मे, दिवस एकोणिसावा
क्लेटन भेटला. लोर्नाचा भाऊ, आणि क्लबच्या प्रेसिडेंटचा पक्का चमचा. (हा चमचा कुठल्याच पाण्यात चालत नाही. हा विनोद मला आत्ता सुचला, धक्क्यावर सुचायला हवा होता.)
त्याने निरोप आणला होता. टाके काढले, व्रण राहील, आणि लोर्ना विचारते, दिवस कसे चाललेत? मी म्हटलं, एकही वस्तू मोडलेली नाही. तो माझ्या बोटांच्या प्लॅस्टरकडे बघत राहिला.
मग त्याची नजर माझ्या टोपीला लावलेल्या नव्या चमच्याकडे गेली. म्हणाला, भावजी, याच्यावरून ट्रक गेला का?
वल्हं हातातच होतं.
वल्हं मोडलं. पण ते बोटीचं. क्लेटनचं नाक मोडलेलं नाही, वाकलं आहे, तिथल्या तिथे नीट बघून घेतलं.
शेरीफचा माणूस आला. क्लेटन रुमाल नाकाला लावून म्हणाला, तक्रार नाही, पाय घसरला माझा. तो गेल्यावर मला म्हणाला, मी ताईला काही सांगणार नाही, भावजी. तुम्हीच सांगा.
का सांगू? पाय त्याचा घसरला.

२३ मे, दिवस तेविसावा
येन्सकाका स्वतः आले. ठोकलेले एकोणीस चमचे रांगेत मांडून दाखवले. काहींना लोर्नाचं राहिलेलं लाल नेलपॉलिश लावलं आहे, ट्राउटला रक्ताचा ठिपका वाटावा म्हणून. ही आयडिया माझी.
म्हाताऱ्याने एकेक उचलून वाकवून बघितला. तिसरा कटकन तुटला. म्हणाला, सगळे मेलेत रे. धातूला सारखा मार बसला की तो कडक होतो. मग वळत नाही, तुटतो. आता एकच उपाय. लाल होईपर्यंत गरम कर, बाजूला ठेव आणि लांब जा. आपला आपण निवू दे. हात लावू नकोस.
ते गेल्यावर शेगडी पेटवली. चमचा लाल झाला. लांबही गेलो, दारापर्यंत. पण किती वेळ? उचलला. तळहाताची साल निघाली. चमचा उडाला तो पडद्यावर.
लोर्नाने शिवलेले पडदे होते, पिवळे, बदकांचे. जळणं म्हणजे मोडणं नव्हे.
पण बदकं चांगली होती.

२७ मे, दिवस सत्ताविसावा
हिशेब. मोडलेल्या वस्तू: शून्य. वाकलेल्या: टोस्टर, फ्रिजचं हँडल, दोन खुर्च्या, पोस्टाची पेटी, कढई (कढई कशी वाकली ते आठवत नाही). फुटलेल्या, जळलेल्या वगैरे: किरकोळ.
एक चमचा डुलतो! टबात तीन वेळा ओढला, तीन वेळा डुलला. नंबर चौदा. कपासाठी शेल्फवर जागा केली.

३० मे, दिवस तिसावा. पहाटे
शर्टाला इस्त्री केली, फोटोत चुण्या नकोत. इस्त्री मोडली नाही, हे मुद्दाम नोंदवतो.
आज लोर्ना परत येणार.

३० मे. दुपार
साडेआठला लागला. हाताला असा हिसका की खांदा निखळायची वेळ. पंधरा पौंडांचा असणार. वीसही असेल. दीडशे फुटांवरून नव्या तारेने, एका हाताने ओढत आणला. बोटीशी आला, पांढरं पोट दिसलं, आणि त्याने शेपटीने माझ्या तोंडावर पाणी मारलं. मुद्दाम!
जाळी घ्यायला हवी होती. मी दांडका घेतला. पहिला घाव पाण्यावर. दुसरा माझ्या गुडघ्यावर. तिसरा बरोब्बर चमच्यावर. कडी तुटली. ट्राउट नंबर चौदा जबड्यात घेऊन गेला. मी दांडका त्याच्या मागे फेकला, मग डबा, मग उरलेले सगळे चमचे. सगळे सुंदर डुलत खाली गेले.
वजनकाट्यापाशी गर्दी होती. मध्ये लोर्ना. हातात साडेतेरा पौंडांचा ट्राउट. क्लेटनच्या बोटीतून गेली होती, तार तिनेच ओढली म्हणे. पहिली!
येन्सकाकांनी माशाच्या तोंडातून चमचा सोडवला आणि उन्हात धरला. माझा चमचा, पर्समधला! मधोमध एक हलका वाक आला होता. म्हातारा म्हणाला, साठ वर्षं ठोकतोय, असा वाक मला कधी आला नाही. कुणी केला?
मला राहवेना. चॅम्पियन चमचा माझा, आणि मी गप्प बसू? हात वर करून ओरडलो, मी! मी केला!
म्हातारा म्हणाला, कशावर ठोकलास रे?
फ्रिजवर, म्हटलं.
लोर्नाने कपाळावरचे केस बाजूला केले. डाव्या भुवईपासून वर गेलेला व्रण. म्हणाली, आधी इथे. मग फ्रिजवर.
मी हात वर धरलेलाच होता. खाली कधी घ्यावा ते कळेना. तेवढ्यात पेपरवाल्याने फोटो काढला.

३१ मे
लोर्ना आली. क्लेटन दारातच थांबला, वाकड्या नाकाने. तिने टोस्टर पाहिला, हँडल पाहिलं, पडद्यांच्या जागी लावलेलं वर्तमानपत्र पाहिलं. मी रोजनिशी काढून वाचून दाखवली, तारीखवार. कुठे काय वाकलं, काय फुटलं, काय घराबाहेरचं. एकही वस्तू मोडलेली नाही, लोर्ना. तीसच्या तीस दिवस.
तिने शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदा हसलीसुद्धा, मला वाटलं झालं काम.
मग म्हणाली, खरं आहे, ऑरिन. मीही मोडले नाही.
घराची चावी टेबलावर ठेवली आणि शिवणयंत्र क्लेटनच्या हातात दिलं. कप तिच्या गाडीत पुढच्या सीटवर होता.
संध्याकाळचे सहा वाजलेत. चावी अजून टेबलावरच आहे. मी हात लावलेला नाही.