बेसच्या वाट्याला

आप्पा,

तुमची निरोपाची धून मी संगणकावर उतरवली. वरची, कॉर्नेटची, त्या आखूड कर्ण्याची ओळ नव्हे; ती आपल्या शिरूरमध्ये अजूनही कुणी शिटीवर वाजवून दाखवेल. मी उतरवली ती खालची, तुम्ही पोटाशी धरायचात त्या मोठ्या बाजाची, ज्याला आपल्याकडं सगळे नुसतं 'बेस' म्हणायचे. दौंडच्या ज्या शाळेत मी मुलांना संगणक शिकवते, तिथं आता बँड आहे. दहावीच्या निरोप समारंभाला काय वाजवावं, असं बँडचे सर विचारत होते आणि माझ्या तोंडून तुमचीच धून गुणगुणली गेली. सर म्हणाले, "वरचं मी बसवतो, मॅडम. पण खालचं बेसचं? ते येतं तुम्हाला?"

येतं. तुम्ही न शिकवता येतं.

या प्रोग्राममध्ये सूर काढायचे नसतात, टाइप करायचे असतात. अक्षर म्हणजे सूर, पुढचा आकडा म्हणजे तो किती वेळ धरायचा, आणि अक्षराला स्वल्पविराम जोडला की सूर एक सप्तक खाली उतरतो. पहिल्यांदा मी बेस क्लेफ सांगायला विसरले. खालचे सूर वाचायची, ओळीच्या सुरुवातीची ती कानासारखी खूण, शेजारी दोन ठिपके. ती नसल्यामुळं सगळे सूर पाच रेघांच्या खाली, एकेक तुटकी रेघ धरून लोंबत राहिले. मग वर दोन शब्द टाइप केले आणि सगळे आपापल्या जागी येऊन बसले. एवढंच करायचं होतं. शिरूरच्या घरात मात्र ती खूण माझ्यासाठी दाराच्या पलीकडं होती.

तेव्हा मी नववीत. चिंच लावून तुमचा बाजा घासायचं काम माझं. पितळ लखलखीत झालं की मी तोंड लावून बघते, आणि एक जाड, थरथरता सूर बाहेर पडतो. माझ्या पोटातून आल्यासारखा. तुम्ही आतून चहाचा कप घेऊन येता. ओरडत नाही. "ठेव खाली," म्हणता. मी ठेवते. "पोरीच्या तोंडाला बाजा शोभतो व्हय? उद्या पत्करंल कोण तुला?" त्याच संध्याकाळी तुम्ही दादाला समोर बसवलं. त्याला नको होतं, त्याचं लक्ष बाहेर क्रिकेटकडं. तुम्ही त्याच्या गुडघ्यावर ताल मारत रेघांची नावं घेत होता, आणि मी स्वयंपाकघरात परातीतल्या पिठावर बोटानं त्याच पाच रेघा ओढत होते. दादा चुकला की तुम्ही त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायचात, न कंटाळता. तो पुन्हा चुकायचा. आईनं पिठावरून हात फिरवला. "आवर गं. बघतील ते."

फौजेच्या बँडातून आलेला माणूस म्हणून गावात तुमचा केवढा मान. कुणाच्याही लग्नात पाठवणीला तुमचीच धून, आणि ती वाजली की अनोळखी बायकासुद्धा पदर डोळ्याला लावायच्या. माझ्या लग्नातही तीच वाजली. कार्यालयाच्या दारात तुमच्या बँडची माणसं रांगेत उभी, लाल कोट घातलेली, आणि टोकाला तुम्ही, तोच कोट घालून. मी सगळ्यांच्या पाया पडत तुमच्यापर्यंत आले. वाकले, उठले. तुमचे दोन्ही हात बाजावर, गाल फुगलेले, नजर स्टँडवरच्या कागदावर. स्वतः बांधलेली, तोंडपाठ असलेली धून तुम्ही कागदात बघून वाजवत होता. मी थांबले तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "चल बाळ, गाडी हाय उभी." गाडी वळेपर्यंत तुमचा सूर चालूच होता.

आई पुढं कितीदा म्हणाली, "अगं, तोंडाचा बाजा काढला असता तर रडू फुटलं असतं त्यांना." असेल. आईनं तुमच्यासाठी आयुष्यभर अशी कारणं शोधली. मला ते रडू चाललं असतं. मला ते हवंच होतं.

तुम्ही गेलात आणि दादानं बाजा भंगारात घातला. शिक्रापूरला कामगारांसाठी खोल्या बांधायच्या म्हणून शिरूरचं घर विकायला काढलं होतं, ते रिकामं करत होता. मी फोनवर विचारलं तर म्हणाला, "कोण वाजवणार हाय गं? उगी जागा अडवून बसला व्हता." मला एकदा विचारावं असं त्याच्या मनातही आलं नाही. कुठून येणार? तुमच्या तरी कुठं आलं होतं?

शाळेच्या बँडात बेस एक मुलगी वाजवते. आठवीतली, राहू गावची. तिच्या घरी झेंडूचा मळा आहे. ती पहिली तालीम झाल्यावर माझ्याकडं आली आणि कागद पुढं करून म्हणाली, "मॅडम, माझ्या वाट्याला नुसतंच पोम् पोम् हाय. गाणं मला कवा येणार?"

मी तिला म्हणाले, "थांब, दोन दिवस दे."

घरी येऊन मी तुमची ओळ मधूनच तोडली. कॉर्नेटला गप्प केलं आणि पूर्ण धून खाली आणली, बेसला दिली. स्वल्पविराम टाकत गेले, धून उतरत गेली. समारंभात ती पोर उभी राहून एकटी वाजवत होती आणि बाकीचा बँड तिच्यासाठी ठेका धरून होता. तिचा बाप पहिल्या रांगेत मोबाइल वर धरून बसला होता, आणि रेकॉर्डिंग करायचं सोडून नुसताच बघत होता. मी तिच्याकडं कमी आणि त्याच्याकडं जास्त बघितलं.

नंतर सरांनी विचारलं, "धून कुणाची म्हणायची?" मी कागदाच्या डोक्यावर टाइप केलं: पारंपरिक. तुमचं नाव मला लिहिता आलं असतं. लिहिलं नाही, आणि लिहिणारही नाही.

या प्रोग्राममध्ये टक्क्याची खूण केली की त्या ओळीत पुढचं काही छापलं जात नाही. हे सगळं मी धुनेच्या खाली तशा खुणा करूनच लिहिलंय. कुणाला दिसणार नाही. म्हणून तेवढं एक सांगते. शेवटचे चार सूर तुमच्या जुन्या बेसच्या ओळीतलेच राहिलेत. मी ते बदलायला बसले होते, पुष्कळ काही करून पाहिलं. तुमच्याहून चांगलं मला काही सुचलं नाही, आप्पा, आणि त्याचा मला अजून राग येतोय.