कश्यपगोत्री घोडा

१ जानेवारी, बुधवार

आलो एकदाचा. सव्वीस वर्षं दिल्लीत वार्ताहरकी केली, तीही आर. के. पुरमजवळच्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत राहून. डिसेंबरात पुण्याच्या कचेरीने इथला ब्यूरो बंद केला आणि निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते पाच मिनिटं मागे चालतं. आमचं वर्तमानपत्रही तसंच चालायचं, त्यामुळे तक्रार नाही.

आणि आता हा थाट! फरीदाबाद ओलांडून अरवलीच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं घर, मागे मोहरीचं शेत, अंगणात ऊन, आणि ऊन संपतं तिथे पागा. घर विनयाचं. ती माझ्या बहिणीची, हेमांगीची मैत्रीण. गुरुग्रामच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. कंपनीने तिला तीन आठवड्यांसाठी सिंगापूरला धाडलं, म्हणून घराला आणि घोड्याला माणूस हवा होता. विमानतळाकडे निघताना म्हणाली, पद्माकरदादा, तुम्ही फक्त त्याच्याशी बोलत राहा, त्याला मराठी कळतं. म्हटलं, मग दिल्लीत माझा एक वाचक तरी निघाला.

घोड्याचं नाव साजूक. वय सतरा, रंग नुकत्याच कढवलेल्या तुपाचा. त्याची चाकरी करायला गावातला धरमवीर आहे, साठीचा, मिशाळ, मोजकं बोलणारा. जुन्या मराठीत तुला मोतद्दार म्हणतात, असं मी त्याला सांगितलं. त्याने शब्द दोनदा घोळवून पाहिला आणि विचारलं, नाम बदल गया तो काम भी बदलेगा क्या, साहब?

साजूकने माझा हात हुंगला, नापसंतीने फुरफुरला आणि बाही चघळली. परिचय झाला.

२ जानेवारी

आज साजूकची वर्षाची लस होती, फ्लू आणि धनुर्वाताची. डॉक्टर अश्लेषा आली. आईवडील सांगलीचे, केंद्र सरकारी नोकरीतले. ही जन्मापासून दिल्लीची. मराठी गोड बोलते, पण त्यात भोकं आहेत. वैरण म्हटलं तर कळेना. चारा म्हटल्यावर म्हणाली, अच्छा, तो! खरारा म्हणजे घोड्याला ब्रश करणं, हे ऐकून तिने ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मला काका म्हणते.

सुई मानेच्या उजव्या बाजूला, अर्ध्या क्षणाचं काम. साजूकने शेपूटही हलवली नाही. तिने बजावलं की दोन दिवस मान आखडेल, टोचल्या जागी सूज येईल, ताप चढेल, दाणा सोडेल. आपल्याला येतं तसंच, बिल्कुल टेन्शन घ्यायचं नाही. मला एक तक्ता दिला: सकाळ-दुपार ताप, पाणी किती, चारा किती, लीद किती वेळा. आयुष्यभर मंत्र्यांच्या लिदीची नोंद ठेवली, ही निदान उपयोगाची.

३ जानेवारी

मान आखडली, सांगितल्याप्रमाणे. त्याला तोंड जमिनीपर्यंत नेता येत नाही. बादलीकडे बघतो आणि हताशपणे माझ्याकडे बघतो. धरमवीर म्हणाला, बादली उंचावर ठेवा. माझी पुस्तकांची ट्रंक आणली, तिच्यावर बादली. चाऱ्याचं जाळं त्याच्या छातीच्या उंचीला टांगलं. कोमट पाण्याचा शेक दिला, अंगणात हळूहळू दहा फेऱ्या मारल्या. ताप एकशे दोन.

फेऱ्या मारताना काय बोलावं सुचेना, म्हणून वाईच्या पाठशाळेत घोकलेली विभक्तिरूपं म्हटली. अश्वः अश्वौ अश्वाः. कान टवकारले गड्याने. संबोधनाला तर फुरफुरलाही. शास्त्रीबुवा म्हणायचे, पद्म्या, तुझं पाठांतर एक दिवस गाढवाच्या कामी येईल. थोडक्यात हुकलं.

५ जानेवारी

सूज उतरण्याऐवजी पसरते आहे. काल वाटीएवढी होती, आज थेट खांद्यापर्यंत. दाबली की आत कुरकुर वाजतं, कागदाच्या पुडीतला पापड चुरावा तसं. ताप एकशे पाच.

अश्लेषा धावत आली. सूज दाबली आणि तिचा चेहरा बदलला. लशीचा दोष नाही म्हणाली. लाखात एखाद्या वेळी सुईच्या वाटेने एक जंतू आत जातो, हवेशिवाय वाढतो, आणि मग स्नायूच सडवतो. तिने सूज चिरली, भराभर औषधं दिली. धरमवीरने डोकं धरलं, मी दिवा. साजूक ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

६ जानेवारी, सोमवार

हे जसं घडलं तसंच लिहितो. सवय आहे.

दुपारी दोनला साजूक कोसळला. अश्लेषाने छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, पापणी उचलून पाहिली. मग नळी गळ्यातून काढून खिशात ठेवली. म्हणाली, गेला काका, आणि विनयाला फोन करायला बाहेर गेली. धरमवीर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मला रडता येत नाही. अशा वेळी मी थट्टा करतो. ही माझी जुनी खोड. बादलीतलं पाणी ओंजळीत घेतलं, दर्भ नव्हता म्हणून गवताची काडी, आणि रीतसर संकल्प सोडला. दिल्लीतले आपले भटजी यमुनेकाठी बसून खुशाल ‘गोदावर्याः दक्षिणे तीरे’ म्हणतात. मी तसं केलं नाही. क्रोधीनाम संवत्सर, पौष शुद्ध सप्तमी, यमुनेचा पश्चिम तीर. देश, काळ, सगळं तपासून घातलं, बातमीची तारीखओळ घालावी तसं. घोड्याचं गोत्र ठाऊक नाही. ज्याचं ठाऊक नसतं त्याचं कश्यप, हा नियम. माझ्या उरलेल्या आयुष्याचं अर्धं काश्यपगोत्राय साजूकनाम्ने अश्वाय तुभ्यमहं संप्रददे, न मम. दिलं, आता माझं नाही, म्हणत पाणी त्याच्या खुरावर सोडलं.

वडील वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेले, मी चोपन्न. म्हणजे बेट्याला सतरा वर्षं तरी मिळावीत, असा हिशेब मनात होता.

पाणी अजून खुरावरून ओघळत होतं, आणि त्याने श्वास घेतला.

अश्लेषा परत आली तेव्हा तो पुढच्या पायांवर उठत होता. ती पांढरी पडली. मग स्वतःशीच म्हणाली, नाडी फार वीक असेल, मिस झाली. धरमवीर केव्हाचा भिंतीकडून माझ्याकडे वळला होता. त्याने सगळं पाहिलं होतं.

८ जानेवारी

ताप शंभर, म्हणजे घोड्याला नॉर्मल. दोन्ही वेळ चारा साफ. ट्रंकेवरची बादली स्वतःच्या नाकाने पाडली आणि खाली उतरवायला लावली. विनया व्हिडिओवर हसत-रडत होती. अश्लेषा म्हणते, अशी केस आपण पाहिलेली नाही. मी तिला ‘पुनर्जन्म’ लिहून दिला, मोबाइलमध्ये टिपायला.

धरमवीर मात्र माझ्या हातचा चहा घेईनासा झाला आहे.

९ जानेवारी

दाढी करताना उजव्या कानाखाली गाठ लागली. सुपारीएवढी. थंडीने मान आखडली असावी. चहाचा कप घ्यायला खाली वाकता येत नाही, म्हणून तो कपाटावर ठेवून प्यालो. मग त्या कपाकडे जरा वेळ बघत राहिलो.

१० जानेवारी

साजूकने सकाळचा चारा सोडला. सूज परत आली, त्याच जागी.

माझी गाठ दाबून पाहिली. कुरकुरली.

फरीदाबादेत डॉक्टर गाठला. रक्त, सोनोग्राफी, सगळं साफ. तो म्हणाला, गाठ कुठाय? मी त्याचं बोट धरून ठेवलं तिथे. त्याला लागली नाही. सर, थोडं स्ट्रेस कमी करा.

दुपारी हेमांगीला फोन केला. आधी पोटभर हसली, घोड्याला गोत्र देणारा दादा तूच, म्हणाली. मग विचारलं, पाणी ताम्हनात सोडलंस की जमिनीवर? म्हटलं, खुरावर. परत घेता येतं का, असं मी विचारलं. म्हणाली, दिलेलं कसं परत घेणार रे? आणि मग, अगदी सहज, जेवायला वाढताना विचारावं तसं: पण दादा, अर्धं म्हणजे किती? उरलेलं किती होतं, हे तुला कुणी सांगितलं?

११ जानेवारी

साधं आहे. शाळकरी पोरालाही कळेल.

सोमवारी दुपारी माझ्याकडे जेवढं उरलं होतं त्याचे दोन सारखे भाग केले. एक त्याला, एक मला. दोन्ही त्याच क्षणी सुरू झाले. मग दोन्ही संपतीलही एकाच क्षणी—

तो ज्या दिवशी जाईल, त्या दिवसापर्यंतचंच मी दिलं होतं. आणि तेवढंच ठेवलं होतं.

सतरा वर्षं नाहीत. सोमवारी दिलं, आणि तो शनिवारीच थरथरतो आहे. आज शनिवार.

१२ जानेवारी

अश्लेषाने सगळी औषधं करून पाहिली. मांस आतून सडतंय. तो आडवा होत नाही, चार पाय फाकून उभा असतो आणि कण्हतो. ती म्हणाली, काका, आता त्याला सोडवायला हवं. एक इंजेक्शन, त्याला कळणारही नाही. विनयाने रडत होकार दिला आहे.

मी नको म्हटलं. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, आज बरा वाटतोय.

चौदाला संक्रांत, आईवडिलांना घेऊन ती पानिपतला काला अंबच्या स्मारकाला जाणार. आपल्या माणसांना हरलेल्या लढाईलाही डबे घेऊन जायचं असतं. म्हटलं, जाऊन ये, पंधराला बघू. तीन दिवस मिळाले. कुणासाठी मागितले, ते मला माहीत आहे.

१३ जानेवारी

तिचा फोन आला. ताप एकशे एक सांगितला. खरा एकशे सहा. चारा अर्धा खाल्ला म्हटलं. तक्त्यातही तेच लिहिलं.

सव्वीस वर्षांत खोटी बातमी दिली नव्हती. पहिली एका घोड्याविषयी.

धरमवीर हात जोडून म्हणाला, साहब, जाने दो इसे. आपने रोक रखा है. मी त्याला घरी पाठवून दिलं. पागेला आतून कडी लावली.

१४ जानेवारी

शेक दिला. पाणी चमच्याने. तो गिळत नाही. मी त्याच्या तोंडात बोटं घालून—

त्याला भिंतीला टेकवून दोरांनी बांधलंय. पडला तर उठणार नाही. पडू द्यायचा नाही.

श्वास मोजले. त्याचे आणि माझे. एकत्र आत. एकत्र बाहेर. मी रोखून धरला तर त्याचा—

अश्व, हे अश्व, म्हटलं. त्याने कान मिटले.

रडला आज. पहिल्यांदा. मी कान झाकले. तरी—

१५ जानेवारी

दहा वाजले. दोघं बाहेर आहेत, अश्लेषा आणि धरमवीर. दार वाजवतायत. वासाने कळलं असणार. काका, उघडा ना, प्लीज.

माझी मान वळत नाही. तो माझ्याकडे बघतोय. राग नाही. राग असता तर—

साडेदहा. कडी मी काढली. कुणी भाग पाडलं नाही, एवढं नोंदवतो.

ती आत येऊन थांबली. दोर बघितले. दोर कापले, तसा तो खाली बसला. धरमवीरने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

बाहेर बसा म्हणाली. म्हटलं, इथेच बरा.

सिरिंज मोठी आहे. ती त्यातली हवा काढतेय. म्हणते, दोन मिनिटं, काही दुखणार नाही. कुणाला, ते विचारलं नाही.

सुई गेली.

पाय सैल. पापणी—

अक्षर नीट येत नाही. थंडी आहे—

तिने नळी लावली. ऐकतेय. काढली. गेला म्हणाली. श्वास थांबला, मीही पाहिलं. थांबलाय.

माझा चालू आहे.

चालू आहे. हेमांगीचं ते अर्धं, माझा हिशेब— सगळं चुकलं, संकल्प नाही, काही नाही, नुसती गाठ— मग मी त्याला तीन दिवस रोखून, बांधून, उभं, उगाच—