चाळीस दिवसांची बरणी

यवतमाळ,
२ डिसेंबर

प्रिय आभा,

रत्नप्रभाचा नमस्कार. आशीर्वाद देता येत नाही, कारण तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठी आहेस आणि गेल्या पन्नास वर्षांत हे तू मला एकदाही विसरू दिलेलं नाहीस. गुडघा कसा आहे? साखर किती? मारेगावात थंडी पडली का? (पत्रात आधी समोरच्याची तब्येत विचारावी आणि मग आपलं रडगाणं गावं, असं सिस्टर ऑगस्टा सांगायच्या. मी विचारली. आता माझं ऐक.)

जिने एकतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून अख्ख्या जिल्ह्याचे फोन जोडले, ती बाई पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. तर हल्ली तू फोन स्पीकरवर टाकतेस, आणि मागे तुझा मंदार बॅगांची वजनं करत असतो. तुझ्या मुलाच्या देखत मला दारूबद्दल बोलायचं नव्हतं. हो, दारूबद्दल. उभी असशील तर बस.

गेल्या महिन्यात तू सांगितलंस की मंदार तुला न्यायला आलाय, बावीस डिसेंबरचं तिकीट निघालं, मारेगावचं घर विकायला काढलं आणि आता कायमचं कॅनडाला राहायचं. इथवर मी ऐकून घेतलं. मग तू म्हणालीस, जाण्याआधी वेळ मिळाला तर यवतमाळला येऊन जाईन. वेळ मिळाला तर! मारेगावहून यवतमाळला यायला एसटीने अडीच तास लागतात, आणि पन्नास वर्षांच्या मैत्रिणीला तू वेळ मिळण्यावर टाकतेस. फोन ठेवला आणि मी दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यापाशी बराच वेळ उभी राहिले. नंतर लक्षात आलं, गॅस पेटवलाच नव्हता.

त्याच दुपारी मी पेटी उघडली आणि सिस्टर ऑगस्टांची चिठ्ठी बाहेर काढली. आठवते ना? अमरावतीच्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात दर नोव्हेंबरात खिडकीत ठेवलेली ती उंच बरणी, नाताळच्या केकसाठी ब्रँडीत बुडवलेल्या संत्र्याच्या फोडी, आणि नववीतल्या आपण दोघी, कंपासपेटीतल्या कर्कटकाने एकेक फोड टोचून काढणाऱ्या. सिस्टरनी पकडलं तेव्हा तू म्हणालीस की आम्ही वर्तुळाची त्रिज्या मोजत होतो. (पुढे तू गणिताची शिक्षिका झालीस यात नवल नाही.) शाळा सुटताना त्यांनी कृतीची चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, हे करायला लागतो तेवढा धीर तुम्हा दोघींना म्हातारपणी येईल. आपण तेव्हाच ठरवलं होतं की निवृत्त झालो की करायचं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. मी म्हटलं, आभा निघाली, आता नाही तर कधीच नाही.

पण ब्रँडी आणायची कुठून? आमच्या कॉलनीच्या तोंडाशी दुकान होतं, ते तीन वर्षांपूर्वी बायकांनी मोर्चा काढून हलवलं. त्या निवेदनावर पहिली सही माझी आहे. (सगळ्या सह्यांत वाचता येणारी तेवढीच, म्हणून कचेरीतून चौकशीचा फोनही मलाच आला.) मोर्चाच्या पुढारी होत्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या वेणूबाई. तेव्हा मी ऑटो केली आणि थेट गावाबाहेर, लोहाऱ्याच्याही पुढचं दुकान गाठलं. तोंडाला स्कार्फ बांधला होता, स्कूटीवरच्या पोरी बांधतात तसा, नुसते डोळे दिसतील असा. अडुसष्टाव्या वर्षी! मी हळूच ब्रँडी मागितली, आणि काउंटरवरचा मिशीवाला गृहस्थ हात जोडून म्हणाला, "रत्नप्रभा मॅडम ना? आवाजावरून वळखलं. आमच्या बाबाले ट्रंक कॉल तुमीच जोडून द्याच्या." एकतीस वर्षांत या जिल्ह्याने माझा चेहरा पाहिला नाही, पण आवाज पाठ करून ठेवलाय. मग दारू पिण्याच्या परवान्याची भानगड. एक दिवसाचा फाडू की जन्मभराचा, असं त्याने विचारलं. मी ताठ मानेने म्हटलं, एक दिवसाचा. तो म्हणाला, "समदे असंच म्हंतात."

बाटली त्याने काळ्या पन्नीच्या पिशवीत दिली. (काळ्या पन्नीत काय असतं हे यवतमाळात कोणाला सांगावं लागत नाही, म्हणून वर मेथीची जुडी ठेवून आणली.) संत्री धुतली, पुसली, सालीसकट फोडी केल्या, साखर, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, वर चार बोटं ब्रँडी. सगळं आईच्या लोणच्याच्या बरणीत भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी गच्चीवर उन्हात नेऊन ठेवली. लपवायची वस्तू सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवावी, असा माझा हिशेब. लोणच्याच्या बरणीवर कोण संशय घेतो?

संशय कोणी घेत नाही, पण आपल्याकडे गच्चीवरची बरणी एकीच्या मालकीची नसते, हे मी विसरले. आभाळ आलं की जी घरी असेल तिने सगळ्यांच्या बरण्या आत घ्यायच्या, येता-जाता हलवायच्या, फडकं सैल झालं तर आवळायचं. मी स्वतः वेणूबाईंच्या कैरीच्या बरण्या किती उन्हाळे राखल्या आहेत! आणि नेमकी तेव्हाच मी डोळ्यांच्या तपासणीसाठी तीन दिवस अमरावतीला गेले. परत येते तर बरणी माझ्या दाराशी, तोंडाला नवंकोरं पांढरं फडकं, आणि शेजारी वेणूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. म्हणाल्या, "मॅडम, तुमाले इंग्रजी लय येते, पण लोणचं नाही येत. मिठाचा कण नाही त्याच्यात! बुरसलं असतं सारं. दोन मुठी मीठ घातलं, मेथ्या, मोहरीची डाळ, तिखट, समदं. आता सालभर पाहाचं काम नाही."

आभा, मी थँक यू म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? दारूबंदीच्या पुढारी बाईला कोणत्या तोंडाने सांगू की तुम्ही माझ्या ब्रँडीला मोहरी घातलीत? दार लावून एक फोड चाखली. नाताळ आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी आल्यासारखी चव होती. रागाच्या भरात जिन्यात जो पहिला माणूस भेटला त्याच्या हातात मी वाटीभर लोणचं ठेवलं. तो माणूस निघाला देवराव, म्हणजे वेणूबाईंचे यजमान. शेतकी खात्यातून निवृत्त झाल्यापासून या गृहस्थांची भूक मेली होती, दोन घास खाऊन उठायचे. ते दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी घेऊन हजर. तिसऱ्या दिवशीही. फोडी राहू द्या, म्हणाले, नुसता खार असला तरी चालेल. पाचव्या दिवशी भर दुपारी ते जिन्यात बसून भजन म्हणत होते आणि त्या भजनात मधूनमधून वेणूबाईंचं नाव येत होतं. (लग्नाला त्रेचाळीस वर्षं झालीत. वेणूबाई वरून ऐकत होत्या आणि खाली यायला त्यांनी अंमळ उशीरच केला, हे मी पाहिलं आहे.)

संध्याकाळी त्या वाटी घेऊन आल्या आणि आतून कडी लावली. म्हणाल्या, "आमच्या यायले आता खार देऊ नका." मी काही बोलणार तोच म्हणाल्या, "मले पयल्याच दिवशी समजलं व्हतं मॅडम. माह्या बापानं याच्यापायी घराची माती केली. हा वास मले झोपेतबी समजते." मी विचारलं, मग मीठ का घातलंत? तेव्हा त्या बाईने जे उत्तर दिलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते सुधारून लिहिता येणार नाही. "तुमी येकट्या. मैतरीण चालली तुमची दूर देशाले. मले वाटलं, आता मॅडम बाटली घेऊन बसून राह्यतीन. फेकून देल्ली असती तं तुमी दुसरी आणली असती. लोणचं केलं तं कोणाले लाज नाही."

मला फार राग आला. माझ्या घरात माझ्या बरणीवर माझ्यासाठी काळजी करणारी ही कोण? एवढा राग आला की मी खुर्चीत बसले आणि स्कार्फनेच डोळे पुसले. मग त्यांना सगळं सांगितलं. होस्टेल, सिस्टर, कर्कटक, तू. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, त्या येणार हायेत का पण? मी म्हटलं, वेळ मिळाला तर. त्यावर वेणूबाई तुझ्याबद्दल एक शब्द बोलल्या. तो मी इथे लिहीत नाही, पण मला पटला.

आज सकाळी त्या भावाच्या बागेतली संत्री घेऊन आल्या. फोडींतल्या बिया एकेक करून काढल्या, नाहीतर कडू होते म्हणाल्या. (सिस्टरना हे ठाऊक नव्हतं. केक कडू का लागायचा ते आता कळलं.) ब्रँडी आणायलाही माझ्यासोबत ऑटोत आल्या आणि दुकानाकडे पाठ करून रस्त्यात उभ्या राहिल्या. या वेळी मी जन्मभराचा परवाना काढला. कोणी सांगावं. बरणी आता वेणूबाईंच्या कपाटात कुलपात आहे, किल्ली त्यांच्या कमरेला आहे, आणि त्यांची अट अशी की आपण दोघी समोर आल्याशिवाय बरणी निघणार नाही. दोघींनी बसून वाटी वाटी घ्यायची. एकटीला थेंब नाही. तेव्हा माझी दारू आज दारूबंदीवाल्यांच्या ताब्यात आहे आणि ती सोडवणं तुझ्या हातात आहे. चिठ्ठीप्रमाणे तिला चाळीस दिवस लागतात.

मंदारला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लाव. जिने चढू नकोस.

तुझी,
रत्ना

ता. क. आज दोन डिसेंबर. चाळीस दिवस म्हणजे अकरा जानेवारी. तू तीस वर्षं गणित शिकवलंस, बावीस डिसेंबर त्याच्या आधी येतो हे मी सांगायला नको. विमानं रोज उडतात असं ऐकते. मंदारला बरणीचं सांगू नकोस, गुडघ्याचं सांग.

ता. क. २. नातीला आजी हवी आहे हे मलाही कळतं. स्पृहाला म्हणावं, आजी वीस दिवस उशिरा आली तरी तेवढीच म्हातारी असेल. आणि तिथे तिला आजी जन्मभर मिळणार आहे. इथल्यांना नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. सिस्टर ऑगस्टांची चिठ्ठी परत पाहिली. (पाहायची गरज नव्हती, मला पाठ आहे.) तिच्यात पंधरा दिवस लिहिलेत. चाळीस माझे. वेणूबाईंनाही मी चाळीसच सांगितले होते, आत्ता वर जाऊन खरं सांगून आले. त्या म्हणाल्या, मले वाटलंच. तेव्हा तिकीट बदलू नकोस, बावीसला खुशाल जा. फक्त सतरा तारखेला सकाळच्या एसटीने ये. स्टँडवर मी असेन आणि किल्ली घेऊन वेणूबाई असतील. येताना काही आणू नकोस. मीठ तर मुळीच नको.