आषाढीच्या दिवशी सवारी

२६ जून
चाँद दिसला. दस्तगीरचाचा सांगायला आले, उद्यापासून मोहरमचे पंजे (पीर) घरी बसवतोय. आत्यांनी (सासूबाई) दरसालसारखं गूळपाणी दिलं. जाताना चाचा दारात थांबले. "वहिनी, यंदा मोहरमची दहावी आषाढीलाच आली बगा."
रात्री आत्या अर्ध्या जेवणावरून उठल्या.

२८ जून, शनि.
हे लातूरहून आले, रजा टाकून. दोन लेकरं गेल्यावर आत्यांनी पंज्यांपुढं पदर पसरला होता, मग हे झाले. तेव्हापासून मोहरमात यांच्या गळ्यात हिरवा नाडा आणि दहावीला चाचांच्या हातचा मलिदा, पहिला घास आत्यांनी खायचा. मलिदा गव्हाचा. आणि आषाढीला आत्या पाण्यावर.
हे हसले. "आई, एकादशी काय, पंधरा दिसाला येती."
"ही आषाढी हाय."
आत्यांनी नाडा यांच्या गळ्यात घातला. गाठ मीच मारली.

२ जुलै
माझी अंगणवाडी सुटल्यावर कळलं. पारावर बैठक झाली. एकादशीला ताशा नको, पंज्यांची सवारी गावातून फिरायला नको. चुलत दीर बाळूभावजी सगळ्यात पुढं. चाचा म्हणाले म्हणे, "बरं. आदल्या दिशीच पंजे उठवून पाण्यावर नेतो." भांडण नाही, आवाज नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.
आत्यांना सांगायचं नव्हतं. बाळूभावजींच्या आईनं सांगितलंच.

३ जुलै
सकाळी आत्या काठी घेऊन बाळूभावजींच्या दारात. मी मागं. बसा म्हणाले, बसल्या नाहीत.
"बाळू, उपास मला हाय का तुला?"
"काकू, तसं न्हाय..."
"ताशानं माजा उपास मोडत न्हाय. पंजे आदल्या दिशी उठले तर माज्या लेकराचा नवस मोडतो. सांग, काय करू?"
भावजी मोबाईलकडंच बघत राहिले. शेवटी, "सकाळच्याला काढा. आरतीच्या आत."
हा होकार का? आत्यांनी तो होकारच धरला. येताना भराभरा चालल्या, मला गाठता येईना.

५ जुलै
चाचा आलेले. मलिद्याचं काय करायचं? हे म्हणाले, राजगिऱ्याचा करू.
आत्या: "पिराला राजगिरा? त्याला उपास हाय व्हय?"
चाचा इतके हसले की ठसका लागला. ठरलं काहीच नाही.

६ जुलै, आषाढी
सवारी निघाली. ताशा जरा दबकतच. बाळूभावजी आले नाहीत. त्यांच्या दारासमोर पंज्यांच्या वाटेवर पाणी मात्र शिंपडलेलं होतं. कुणी शिंपडलं, विचारलं नाही.
आमच्या दारात सवारी थांबली. आत्यांनी ऊद घातला. चाचांनी मलिदा पुढं केला. आत्यांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, पदराच्या टोकाला बांधला.
"भाऊ, उद्या बारस सोडताना पैला घास ह्योच. चालंल का पिराला?"
"मला काय इचारता वहिनी? तुमची त्याची जुनी वळख."
यांनी तोंड फिरवलं. डोळे पुसले बहुतेक.

७ जुलै
आत्यांनी मलिद्यानं बारस सोडली. कडक झालेला, दुधात भिजवून दिला. मला वाटलं, संपलं एकदाचं.
दुपारी चाचा आले. ते सोलापूरला चाललेत, लेकाकडं, कायमचे. डोळ्यांनी दिसेना. यांना म्हणाले, "पंजे तुमच्याकडं ठिऊ का? फातेहा पढायला लोहाऱ्याहून कुणी यील. बसवायला घर पायजे."
हे तर लातूरला. घर म्हणजे मी. वर्षभर पंज्यांची जागा, दिवा, रोजचा ऊद, भावजींचं तोंड...
यांनी आत्यांकडं बघितलं.
"माज्याकडं काय बगतो? मी किती दिसाची. तिला इचार."
चाचांनी खरंच मला विचारलं. आमच्या दारात इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मला.
म्हटलं, आधी चहा घ्या चाचा. चहा ठेवला. उकळला, वर आला, खाली बसला, तरी तिथंच उभी होते.
चाचा परवा निघणार. मी अजून त्यांना हो-नाही काही सांगितलेलं नाही.