पाथरीपुढची रेघ

माय, तू गेलीस त्याला वीस वर्षं होऊन गेली. मी पेन्शनीत निघालो, तरी अन्नाच्या सत्त्वाचा तक्ता हातात आला की आधी कोऱ्या जागाच बघतो. ही खोड तुझी. निजामाच्या राज्यात घाटनांदूरजवळच्या दुष्काळी कामावर तू रांधायचीस आणि मी हैदराबादेहून आलेल्या आहार-पाहणीत कारकून होतो. खडी फोडणाऱ्या बायांच्या ताटात काय पडतं ते तोलायचं, त्या जिनसाचं सत्त्व छापील तक्त्यात बघायचं आणि बेरीज मांडायची, एवढंच माझं काम. ज्वारीला आकडा होता, तुरीला होता. पाथरीला नव्हता, बांधावरची भाजी, तिला कोण तपासणार! वहीत तिच्यापुढे शून्य पडलं. साहेबांनी बेरीज पाहिली आणि ठरवलं, या भाजीत काही नाही, तिच्यासाठी मिळणारं तेल-मीठ बंद करा. त्या बायांत पोटुशा किती होत्या, हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

अजून डोळ्यांपुढे आहे, मी तुला हे सांगायला चुलीपाशी आलोय. तू भाकरी थापतेस, मान वर करत नाहीस.

"साहेबानं शून्य कावून घातलं रं?"

"तक्त्यात आकडाच नाही, माय."

"तक्त्यात न्हाई म्हंजी पाथरीत न्हाई व्हय? उद्या जेवाया किती बाया येतील मला ठाव न्हाई. म्हून चूलच पेटवू नगं? काल-परवाचा अदमास घेते अन् पीठ काढते. पर मुकादमाला सांगते, ह्यो अदमास हाय, मोजलेलं न्हाई. लई शिकलेले तुमी!"

माझे कान तापले. त्याच दुपारी शून्य खोडून मी रेघ मारली, तीही पालेभाजीच म्हणून बेरजेपुरता मेथीचा आकडा धरला आणि शेजारी लिहिलं, 'अंदाज, तपासणी बाकी'. साहेब भडकले. "अंदाजे पे सरकार नइं चलती, मियाँ!" मी बोललो, "शून्य भी अंदाजाच है, साब. और वो भी झूठा." त्यांनी वही मिटून माझ्याकडे सारली. हुकूम निघाला नाही. भाजी चालू राहिली, आणि तू वाळवून दिलेली पाथरी फडक्यात बांधून हैदराबादला तपासायला गेली. आकडा आला तो मेथीहून कमी होता, पण शून्य नव्हता. पुढे नोकरीभर माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक तक्त्यात तपासून काही निघालं नाही तिथंच शून्य पडलं. तपासलंच नाही तिथं रेघ. मोठमोठे शिकलेले लोक मला विचारायचे, ही शिस्त कुठली? मी छाती काढून सांगायचो, माझ्या मायची.

आणि तू गावभर सांगत फिरलीस, साहेबाची चूक माझ्या लेकानं धरली म्हणून. किती खुशीत सांगायचीस! मी एकदाही तुला अडवलं नाही. हा कागद आता कुठल्या टपालात टाकू, म्हणून इथंच लिहून ठेवतो. ते शून्य साहेबांचं नव्हतं, माय. कोरी जागा बरी दिसत नाही म्हणून मीच घातलं होतं.