पट बावीस

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
दिवाळीची सुट्टी संपली. शाळा उघडली. पट २२, हजर ९. पहिली ते चौथी मिळून. दोन्ही खोल्या झाडल्या. रुपीने खिचडी शिजवली. पाच वाजता कुलूप लावून जव्हारला खोलीवर आलो.

ही वही नवीन आहे. केंद्रप्रमुख देवानंद सर मागे म्हणाले होते, रोज दोन ओळी लिहा, मन हलके होते. तशी मला गरज नाही. बायकोला, रंजनाला, जाऊन तीन महिने होतील. शाळेत आम्ही दोघेच शिक्षक होतो. मी पूर्ण सावरलो आहे. वही शाळेच्या नियोजनासाठी वापरणार.

नियोजन: एक, उपस्थिती शंभर टक्के. दोन, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव. आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले तरी पोरे आजीआजोबांकडे राहतात आणि संध्याकाळचे जेवणही शाळेत मिळते, ती योजना. मुदत १५ तारीख. भरपूर वेळ आहे. प्रस्तावाची फाईल रंजनाच्या पेटीत आहे, पेटी शाळेच्या कोपऱ्यात आहे. किल्ली तेवढी शोधायची.

४ नोव्हेंबर
हजर ८. कारण सापडले: घंटा. रुळाचा तुकडा टांगला आहे तो फार खाली आहे, आवाज पाड्याच्या पलीकडच्या टोकाला पोचत नाही. दीड हात वर बांधला. आता शिडीवर चढून वाजवावी लागते, पण आवाज स्वच्छ येतो.

रुपी चुलीपाशी बसून बघत होती. म्हणाली, मास्तर, आजून वर बांधा, जव्हारातली पोरं येतील.

मग म्हणाली, पोरं घंटेनं नाय येत. बाई दारात जाऊन हाका मारायची, म्हणून यायची. चैतीच्या घरी तर केस विंचरून आणायची.

रंजना मोखाड्याकडची, तिला इथली बोली यायची, तिला गप्पांची हौस होती. शाळा हौसेवर चालत नाही, पद्धतीवर चालते. शिवाय मलाही चौदा वर्षांत बोली समजू लागली आहे.

किल्ली शोधायला वेळ मिळाला नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
पालक सभा घेतली. बारा जण आले. शिक्षण हक्क, उपस्थिती, पट यांवर पाऊण तास बोललो. पट वीसच्या खाली गेला तर ही शाळा बंद होऊन ओहोळापलीकडच्या गावातल्या शाळेत जाईल, हे तीनदा सांगितले. चार किलोमीटर. सगळ्यांनी माना डोलावल्या. सभा यशस्वी.

नंतर रुपीला विचारले, लोक काय म्हणत होते? म्हणाली, मास्तर किती बोलला, बाई गेल्यापासून पयल्यांदाच बोलला, बरं वाटलं, असं म्हणत होते. विषयाचे काय म्हणाले? म्हणाली, इषय नाय कळला.

गाडीवर मागे वह्यांची पिशवी बांधून जातो. मागची सीट रिकामी असली की घाटात गाडी हलकी वाटते. तांत्रिक बाब आहे.

१० नोव्हेंबर
हजर ७. किल्ली शोधली. गाडीच्या किल्लीच्या जुडग्यातच आहे. पण पेटीचे कुलूप पावसाळ्यात गंजले असणार. जबरदस्ती केली तर किल्ली आत तुटेल. आधी तेल आणतो.

१२ नोव्हेंबर
तेल आणले. गाडीची साखळी वाजत होती, तिला घातले. उरलेले उद्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
बालदिन. हजर १३, कारण गोळ्या वाटणार हे रुपीने आदल्या दिवशी पाड्यात सांगितले होते. माझ्या नियोजनात गोळ्या नव्हत्या. पुढच्या वर्षी घेतो.

प्रस्तावाची मुदत उद्या. उद्या शनिवार. शनिवारी कार्यालयात कोण कागद बघतो? सोमवारी थेट हातात देऊ, म्हणजे गहाळ होणार नाही.

१७ नोव्हेंबर
देवानंद सरांचा फोन. तालुक्यातून बाकी सगळ्या शाळांचे प्रस्ताव गेले, तुमचाच नाही. दरवर्षी तर तुमचाच पहिला असतो, म्हणाले. मी कुलपाचे सांगितले. मग म्हणाले, जाऊ द्या, मी समजू शकतो. काय समजले कोण जाणे. कुलूप गंजलेले आहे, एवढाच मुद्दा होता.

हरकत नाही. दुसरा उपाय आहे: शिक्षण हमी कार्ड. पोरगे स्थलांतर करते तेव्हा त्याला हे कार्ड द्यायचे. भट्टीजवळच्या शाळेत ते दाखवले की तिथे बसू देतात. नाव आपल्याच पटावर राहते. पावसाळ्याआधी पोरगे परत येते. खरे तर वसतिगृहापेक्षा ही योजना चांगली. इतकी वर्षे आम्ही उगाच वसतिगृहाच्या मागे होतो.

१८ नोव्हेंबर
जव्हारला इदरीसभाईंच्या दुकानात कार्डे छापून लॅमिनेशन केले. आठ कार्डे. काम चोख. सर, पाण्यात टाका, चिखलात टाका, कुछ नहीं होगा, म्हणाले. मग विचारले, मॅडम दिसल्या नाहीत? दिवाळीआधी प्रस्तावाचे झेरॉक्स काढायला त्याच येतात ना? यंदा आल्याच नाहीत.

मी म्हणालो, सध्या येत नाहीत.

बरं बरं, सलाम सांगा, म्हणाले.

सांगतो म्हणालो. दुसरे काय म्हणणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी भट्टीचा टेम्पो आला. आठ पोरे गेली. प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड घातले. सोम्याने कालच पोराचे कार्ड मागून नेऊन रेशन दुकानात दाखवून पाहिले म्हणे. तिथे चालत नाही हे समजावले.

चैतीही गेली. चौथीत आहे. धडे न अडखळता वाचते, पहिलीच्या पोरांना पाढे शिकवते. गेली दोन वर्षे रंजनाने तिला वसतिगृहाच्या योजनेत ठेवून घेतले होते. तिचा बाप पांड्या म्हणाला, गुरुजी, बारक्याला सांभाळायला कोण? जेवान असतं तर आजीपाशी दोघांना ठेवलं असतं.

चैती टेम्पोत चढून परत उतरली. म्हणाली, बाईंनी सांगितलंय चौथी इथंच पुरी करायची. माजं नाव इथंच ऱ्हाईल ना?

मी म्हणालो, नाव कुठे जाते? मी बसलोय ना इथे.

हे मी चांगले बोललो. क्वचित सुचते.

१ डिसेंबर, सोमवार
हजर ६. उरलेल्या चौदांत हे प्रमाण वाईट नाही.

मोबाईलला रेंज फक्त टाकीच्या टेकाडावर येते. रोज चढून ऑनलाईन हजेरी भरतो. आज पोर्टलवर भट्टीजवळच्या शाळेकडून आठ नावे आली होती. सगळी आपली. पहिले नाव चैती पांड्या. म्हणजे कार्ड चालले! पोरे तिकडे शाळेत बसली! खाली इंग्रजीत बारीक काहीतरी होते. उन्हात स्क्रीन नीट दिसत नव्हती. 'अप्रूव्ह' दाबले, आठ वेळा. प्रत्येक वेळी हिरवी खूण आली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी पूर्ण झाल्यासारखे वाटले.

खाली येऊन रुपीला सांगितले. ती म्हणाली, बाई असती तर हसली असती. कौतुकाने, असे तिला म्हणायचे असावे.

५ डिसेंबर
देवानंद सर प्रत्यक्ष आले. पाणी प्यायले, दुसरे मागितले. मग म्हणाले, सर, तुमचा पट चौदा कसा?

मी म्हणालो, बावीस आहे. त्यांनी मोबाईल दाखवला. चौदा.

ती आठ नावे हजेरीची नव्हती. कायम बदलीची विनंती होती. मी मंजूर केली. ते म्हणाले, अहो, कार्ड कशाला असते मग? नाव इकडे राहावे म्हणूनच ना! मी म्हणालो, मला माहीत आहे, कार्डे मीच वाटली. ते बराच वेळ घंटेकडे बघत बसले. एवढी वर का बांधली, विचारले. मी आवाजाचे सांगितले.

उपाय आहे. तिकडच्या मुख्याध्यापकांना फोन करून नावे परत मागवायची. चूक प्रामाणिक आहे, कोणीही ऐकेल.

८ डिसेंबर
टेकाडावरून फोन लागला. मुख्याध्यापक सज्जन वाटले. म्हणाले, सर, तुमचे दुःख कळते, पण आमचा पट सतरा होता. तुमच्या आठांमुळे आमची शाळा वाचली.

मी विचारले, पोरे रोज येतात का? म्हणाले, पहिल्या दिवशी आली होती. भट्टी लांब आहे. कार्डे आणली होती सगळ्यांनी. एक पोरगी होती, वर्गापुढे पाढे म्हणून दाखवले तिने.

मी विचारले, ती आता येते का?

नाही, म्हणाले. बारका भाऊ असतो तिच्याकडे.

रागवायचे ठरवून टेकाड चढलो होतो. धन्यवाद म्हणून फोन ठेवला.

१२ डिसेंबर, शुक्रवार
पत्र आले. जानेवारीपासून शाळा ओहोळापलीकडच्या शाळेत समाविष्ट. माझे समायोजन मोखाडा तालुक्यात. सोमवारी दप्तर जमा करायचे.

रुपीने विचारले, पोरं येवढ्या लांब जातील? मी म्हणालो, वाहतुकीची सोय आहे नियमात. ती म्हणाली, नियमाला चाकं हायेत का मास्तर? उत्तर शोधतो.

१५ डिसेंबर, सोमवार
हजर २. बाकीच्यांना शाळा आजच बंद झाली असे वाटले. दोघांना खिचडी देऊन घरी सोडले. रुपीने भांडी घासून उपडी घातली आणि गेली.

दप्तर जमा करायचे म्हणजे पेटी उघडणे भाग होते. कुलूप गंजलेले नव्हते. पहिल्याच फेऱ्याला उघडले.

वर फणी. त्याखाली फाईल. फाईलमध्ये या वर्षीचा हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव, पूर्ण भरलेला, रंजनाच्या अक्षरात. तारीख जुलैची. तेव्हा ताप सुरू झाला होता. मी म्हणालो होतो, झोप जरा, कागद कुठे पळून जातात? बावीस नावे. प्रत्येकासमोर कोणाकडे राहणार ते. चैतीसमोर लिहिले आहे, आजीकडे, बारक्यासह. जागा फक्त एक रिकामी होती, मुख्याध्यापकांच्या सहीची. तिथे पेन्सिलने फुली केली होती. दरवर्षी करायची, मी चुकीच्या जागी सही करतो म्हणून.

फुलीवर सही केली. शाई वाळू दिली. मग खोडरबराने फुली खोडली.