पारूबाई पाणी प्यायल्या

भोर
दि. १८ जानेवारी १९७४

ती. आनंदादादास,

अंजनाचा जयभीम. वहिनीला सांग, इकडं आम्ही सगळे बरे आहोत. ह्यांचं कामावर जाणं-येणं नीट चाललंय. रतन जरा गप्प असते, बाकी काही नाही.

तू परसातल्या भाजीचं विचारलं होतंस. दुष्काळात बाजारातल्या भाजीला हात लावायची सोय नव्हती, म्हणून मोरीच्या पाण्यावर वांगी आणि घेवडा लावला. आता तो घेवडा ऐकत नाही. कुंपणावर चढून पारूबाईंच्या अंगणात उतरलाय. आमचा बाजार मीठ-मिरचीपुरता राहिला. वाचलेल्या पैशांतून रतनला दप्तर घेतलं.

पारूबाई म्हणजे शेजारच्या. उत्रोलीची शेतकरी माणसं, पोरांच्या शाळेसाठी इथं बिऱ्हाड केलंय. रोज संध्याकाळी कुंपणाशी येतात. "अंजना, तुझ्या वांग्याला लई चव," म्हणतात आणि पदर पुढं करतात. मी घालते. बाई मनानं वाईट नाहीत. मी तापानं पडले होते तेव्हा झाडांना त्यांनीच पाणी घातलं.

दादा, एक झालंय. लिहू की नको, असं करत होते.

गेल्या आठवड्यात रतन त्यांच्या मुलीबरोबर खेळत होती. तहान लागली म्हणून तिनं त्यांच्या माठातलं पाणी घेतलं. पारूबाईंच्या सासूनं, धोंडाबाईंनी, पोरीच्या हातातला तांब्या हिसकावला आणि सगळा माठ तिच्यादेखत अंगणात ओतून दिला. रतन घरी आली. तळवे पुढं करून म्हणाली, "आई, माझे हात मळले नव्हते."

त्याच संध्याकाळी पारूबाई कुंपणाशी आल्या. मी भाजी दिली. का दिली, मला कळलं नाही. हात सवयीनं पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासाठी वांगी तोडत होते, तर त्या कुंपणाच्या फटीतून सरळ आमच्या परसात आल्या. मागं वळून आपल्या दाराकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "म्हातारीचं मनावर घिऊ नगं. म्या तसलं काय मानत न्हाई. दे मला पाणी."

मी दिलं. त्या घटाघटा प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं. माझे डोळे भरून आले. आणि तेवढ्यात रागही आला. दोन्ही एकदम कसं होतं, सांग.

मी म्हणाले, "पारूबाई, हेच पाणी तुमी तुमच्या दारात, सासूबाईंच्या म्होरं प्याल का?"

 त्या म्हणाल्या, "मला त्याच घरात नांदायचंय, अंजना." आणि गेल्या. तोडलेली वांगी तिथंच राहिली.

तेव्हापासून त्या आल्या नाहीत. हे म्हणतात, बरं केलंस. मला बरं वाटत नाही, आणि वाईट केलं असंही वाटत नाही. भाजी आमच्यानं संपत नाही. संध्याकाळ झाली की मी कुंपणाकडं कानोसा घेते, पण त्या आल्याच तर काय बोलायचं, ते ठाऊक नाही.

रतननं त्यांना पाणी पिताना बघितलं होतं. सारखी विचारते, "काकू आपलं पाणी प्यायल्या, मग मी त्यांचं का नाही?" मी अजून काही सांगितलेलं नाही. तू सभांत बोलतोस, तुला शब्द सापडतात. मला रागावलास तरी चालेल. फक्त एक कागद असा लिही, की तो रतनला वाचून दाखवता येईल.

पोस्टमनची वाट बघणारी, तुझी धाकटी
अंजना